पहिला चाप जड असावा

मी माझ्या घरमालकांच्या पिस्तुलाची स्प्रिंग त्यांना न विचारता बदलली. पाकिटात तीन स्प्रिंगा आल्या होत्या. सोबतच्या कागदावर 'मधली वापरा' असं स्वच्छ लिहिलं होतं. मी सगळ्यात हलकी बसवली आणि ती नीट चालते का हेही बघितलं नाही. मी व्यवसायाने इंजिनिअर आहे, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. हे वाचून कुणी आपली गाडी विकायला काढली तर माझी हरकत नाही.

घरमालकांना मी काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं राहिलो. वर ते दोघं, खाली मी. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे घर तापवणारा फर्नेस, काकांचं वर्कबेंच, एक छोटी बाथरूम आणि मागच्या अंगणात उघडणारं दार. लेक लग्न होऊन लांब सिएटलला. तिचा फोन आला की काका मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत बोलायची, आणि दोघांनाही त्यात काही खटकायचं नाही.

काकांची सगळी नोकरी दारं उघडण्यात आणि लावण्यात गेली. म्हणजे गाड्यांची. गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये ते होते. एक यंत्र गाडीचं दार उघडायचं, लावायचं, उघडायचं, लावायचं, ते मोडेपर्यंत. काकांनी शेजारी बसून ऐकायचं आणि कुठला भाग आधी जाणार ते सांगायचं. बाकीचे मीटर बघायचे. काका डोळे मिटून बसायचे आणि म्हणे कधी चुकायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर यंत्र गेलं, कान राहिले.

मी राहायला आलो त्याच आठवड्यात काका माझ्या गाडीपाशी उभे होते. मी नुकतंच इंजिन चालू केलं होतं.

"अल्टरनेटर जातोय."

"नाही हो काका, कालच सर्व्हिसिंग केलं."

"गुरुवारपर्यंत चालेल."

गुरुवारी संध्याकाळी हायवेवर गाडीचे सगळे दिवे एकेक करून मालवले, नाटक संपल्यासारखे. मी टो ट्रकमध्ये बसून घरी आलो. काका ड्राइव्हवेत हातात चहाचा कप घेऊन उभे होते. कप माझ्यासाठी होता आणि चहा गरम होता. मी येणार हे त्यांना कळलं कसं, हे मी विचारलं नाही. पहिला घोट घेतल्यावर विचारावंसंही वाटेना.

त्या घरात काहीही बिघडायचं नाही. फ्रिज माझ्यापेक्षा वयाने मोठा. मिक्सर भारतातून आलेला, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. सगळं आपापल्या सुरात बारीक गुणगुणत असायचं, आणि त्या गुणगुणीत काका अनवाणी फिरायचे, थांबायचे, कान लावायचे. मी एकदा फ्रिजचं कौतुक करत त्याच्यासमोर उभा राहिलो, तर मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"चालतंय ना? मग असं बघत उभा राहू नकोस. त्याला कळतं."

मी हे वाक्य ऑफिसमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन जमायच्या मराठी पोटलकमध्ये, फोनवर आईला, सगळ्यांना नकलेसकट ऐकवलं. खूप हशा मिळाला. पण खरं सांगतो, त्यानंतर दूध काढताना मी फ्रिजकडे सरळ बघायचं टाळायचो.

हे कान माणसांनाही लागायचे, आणि तिथे हसू आटायचं. एका पोटलकमध्ये एक गृहस्थ मोठ्याने हसत होते. काकांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि मान तिरकी केली. काकूंनी लगेच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सवयीचा हात होता तो. तरी काका बोललेच. "यांच्या हसण्यात फट पडलीय. दाखवून घ्या." महिन्याभरात त्या गृहस्थांच्या हृदयाची झडप बदलली. ते वाचले, येऊन काकांच्या पाया पडून गेले. पण पोटलकची बोलावणी कमी झाली. कोण कशाला घरात असा पाहुणा बोलावेल, ज्याच्यासमोर खोकायची चोरी? मला स्वतःला शिंक आली तर मी गराजमध्ये जाऊन शिंकायचो.

दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काका फर्नेससमोर स्टुलावर बसलेले दिसले. तळहात स्वतःच्या कपाळावर दाबलेला, डोळे मिटलेले.

"काका, फर्नेसचा आवाज बदललाय का?"

"फर्नेस ठीक आहे." तळहात तसाच दाबून म्हणाले, "माझा बदललाय."

मी म्हणालो, "व्हिक्स लावा."

माझ्या मूर्खपणांची मनातल्या मनात एक रांग आहे. स्प्रिंग तिच्यात पहिली असली, तरी हे वाक्य तिच्या खांद्याला खांदा लावून उभं असतं.

त्यानंतर चिठ्ठ्या दिसायला लागल्या. पिवळे चिकट कागद, त्यांवर ड्रॉइंगच्या खालच्या मजकुरासारखं काकांचं सुबक अक्षर. 'चमचे'. 'गरम पाणी'. 'हा दिवा रात्रीचा'. अंगणाच्या दारावर आतून: 'हे दार बाहेर जातं'. मला वाटलं, रिकामपणाचा उद्योग. टेस्ट लॅबमधली लेबलं लावायची सवय. काकू कधी कधी एखादा सुटलेला कागद अंगठ्याने पुन्हा नीट दाबून बसवायच्या. मी फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकायचो.

मग एका सकाळी खालच्या बाथरूमच्या आरशावर चिठ्ठी होती. बरोबर चेहऱ्याच्या उंचीला.

'हा मी.'

मी दात घासता घासता हसलो. स्वभावाला औषध घेत नाही मी. खोलीतून पेन आणलं आणि खाली लिहिलं, 'खात्री आहे?'

दुसऱ्या दिवशी माझ्या अक्षराखाली त्या सुबक अक्षरात उत्तर होतं.

'आज आहे.'

हा फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. का टाकला नाही याचा विचार केला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या दिवशी मी फक्त आरसा बदलला. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये दाढी करायला लागलो.

आता पिस्तूल. टेस्ट लॅबमधला काकांचा अमेरिकन जोडीदार वारला, तेव्हा त्याने ते काकांच्या नावे ठेवलं होतं. जुनं, काळ्या पोलादाचं, कोपरे झिजून चांदीसारखे झालेलं. काकांकडे कितीतरी वर्षं होतं आणि एकदाही अडकलं नव्हतं. दर शनिवारी काका नेमबाजीच्या रेंजवर जाऊन पंधरा-वीस बार काढायचे. पिस्तूल बेसमेंटमध्ये कुलुपाच्या पेटीत, काडतुसं वर काकूंच्या ताब्यात, साबुदाण्याच्या डब्यामागे. शनिवारी काकू काडतुसं मोजून द्यायच्या, परतल्यावर उरलेली मोजून घ्यायच्या. "कसला हा उपास," असं पुटपुटायच्या, पण मोजायला चुकायच्या नाहीत.

त्या पिस्तुलात पहिली गोळी झाडताना चाप लांबून आणि जड ओढावा लागायचा, कारण तोच चाप मागचा घोडाही, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी हातोडीही, उचलतो. पुढच्या गोळ्यांना घोडा आपोआप उचललेला असतो, त्या हलक्या जातात. पहिलीही हलकी करायची सोय होती, पण काका ती वापरायचे नाहीत. गोळ्या भरल्या की खटका दाबून घोडा खाली बसवायचे आणि म्हणायचे, "पहिला चाप जड असावा. तेवढ्यात माणूस माणसाला ओळखतो."

अडचण अशी की काकांची बोटं सांध्यांतून गेली. शेवटच्या वर्षी पहिला चाप त्यांना ओढवेना. मी त्यांना रेंजवर सोडायचो आणि काचेपलीकडून बघायचो: काका हात लांब करून उभे, बोट थरथरतंय, चाप अर्ध्यावर, आणि मग ते शांतपणे पिस्तूल खाली ठेवायचे. रेंजवरचा दाढीवाला माणूस हळहळायचा. घोड्याची स्प्रिंग बदल, म्हणायचा. दहा मिनिटांचं काम आहे, लोण्यासारखा चाप होईल.

तेव्हापासून दर शनिवारी गाडीत एकच प्रश्न. "बदलावी का रे?"

"बदला की. वीस डॉलरचा पार्ट."

"इतकी वर्षं कुरकुर न करता चाललंय. एक भाग बदलला की शेजारच्याला कळतं."

पुढच्या शनिवारी तेच काका म्हणायचे, "ठरलं. बदलू या. उगाच का अडून राहायचं?" आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ओठ घट्ट मिटून, "नाही. तो विषय काढू नकोस." मला वाटायचं, म्हातारा एका स्प्रिंगवर निर्णय घेऊ शकत नाही आणि हा म्हणे इंजिनिअर. ही दोन वेगवेगळी माणसं आहेत, एक कारण आठवणारा आणि एक कारण विसरलेला, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

कारण पेटीवर लिहिलेलंही होतं. म्हणजे जवळजवळ. चिठ्ठी अशी: 'स्प्रिंग बदलायची नाही. कारण माहीत आहे.'

एकदा काका ती चिठ्ठी हातात धरून माझ्याकडे आले. "अक्षर तर माझंच आहे. काय कारण असेल रे?"

"आळस," मी म्हणालो. काका हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले, "तसंच असेल. आण मग ती स्प्रिंग," आणि मला ती परवानगी वाटली.

पाकीट यायला आठवडा लागला. तोवर ओठ मिटलेले काका परत आले होते आणि विषय पुन्हा बंद होता. मला आता सरप्राइज द्यायची हौस. शुक्रवारी ते दोघं डॉक्टरांकडे गेले. कुठल्या डॉक्टरांकडे, हे मी विचारलं नाही. पेटीची किल्ली कुठे असते ते चिठ्ठीवर लिहिलेलंच होतं. दाढीवाला दहा मिनिटं म्हणाला होता, मला दोन तास आणि एक व्हिडिओ लागला. माझ्यासारख्या व्हिसावर आलेल्याने पिस्तुलाला हात लावणंसुद्धा सहसा कायद्यात बसत नाही, हे एका वकील मित्राने नंतर सांगितलं. म्हणजे त्या दुपारी मी एकाच कामात किती बाजूंनी चुकत होतो, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

शनिवारी बर्फ पडला. काकूंनी सकाळीच काडतुसं मोजून दिली होती, तेवढ्यात रेंज बंद असल्याचा फोन आला. काका कोट घालून तयार होते, ते तसेच खाली वर्कबेंचशी जाऊन बसले. काडतुसं परत मोजून घ्यायचं काकू त्या दिवशी विसरल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळल्यावर मी त्यांना विसरण्याबद्दल दोष देऊ शकत नाही.

मी दुपारभर फावड्याने बर्फ उपसत होतो. डोक्यावर आईने पाठवलेली माकडटोपी, त्यावर स्कीइंगचा काळा गॉगल, तोंडावर मफलर. पाच वाजायला आले असतील. बर्फावर तो निळसर उजेड पडला होता ज्यात अंतराचा अंदाज येत नाही. मी मागच्या दाराने आत आलो.

दिवा लावलेला नव्हता. फर्नेस गुणगुणत होता. काका कोट-टोपी घालून स्टुलावर बसले होते, प्रवासाला निघालेल्या माणसासारखे.

"हू आर यू?"

तीन वर्षांत काका माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलले नव्हते. मला वाटलं, थट्टा करतायत. आणि थट्टेला मी नाही म्हणत नाही.

"चोर," मी घोगरा आवाज काढून म्हणालो. "फ्रिज न्यायला आलोय."

काका उठले. "माय वाइफ इज अपस्टेअर्स," ते म्हणाले. विनंती नव्हती, धमकीही नव्हती. कुठे पाऊल टाकायचं नाही तेवढं सांगत होते. मग हात वर आला आणि हातात पिस्तूल होतं. तेव्हा मला दिसलं की काका माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या जागी दुसरंच कुणीतरी उभं होतं आणि ते फक्त त्यांना दिसत होतं. मला मागे वळून बघावंसं वाटलं, कोण आहे म्हणून.

हात थरथरत नव्हता. बोट मागे गेलं. दिव्याचं बटण दाबावं इतक्या सहज गेलं. ते इतकं सहज जावं याची सोय मीच केली होती.

टिक.

बाकी काही झालं नाही. फर्नेस गुणगुणत राहिला. काकांनी मान तिरकी केली, ऐकायला करायचे तशी, आणि डोळे मिटले.

"हा याचा आवाज नाही," ते मराठीत म्हणाले. "घोडा हलका पडतोय. स्प्रिंग कोणी बदलली?"

मी टोपी-गॉगल ओरबाडून काढले.

"तू?"

मी मान हलवली.

"कुठली टाकलीस?"

"सगळ्यात... हलकी."

"टेस्ट केलीस?"

"नाही."

काकांच्या चेहऱ्यावर असा तिटकारा आला की मी जिवंत असल्याची लाज वाटली. "ही काय पद्धत झाली?" मग त्यांची नजर पिस्तुलावरून त्याच्या तोंडाच्या दिशेने सावकाश सरकत माझ्यापर्यंत आली, आणि तिथे थांबली. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी लिहू शकतो, पण लिहिणार नाही.

बेंचवर वाळूची बादली असायची. त्यांनी पिस्तूल वाळूकडे रोखून धरलं. "हलू नकोस. कधी कधी उशिरा उडते." त्या अंधारात आम्ही दोघं एका गोळीची वाट बघत उभे राहिलो. काका पुटपुटत आकडे मोजत होते. मध्ये आकडा चुकला, तर पुन्हा एकपासून सुरू केले. साठ झाल्यावर त्यांनी गोळी काढून तळहातावर ठेवली.

"वर्षभर मला ओढवत नव्हता," ते म्हणाले. "तेच बरं होतं. कधीतरी मी कुणाला ओळखणार नाही, तेव्हा हे बोट मला अडवेल. म्हणून बदलायची नव्हती." मग तळहातावरच्या गोळीकडे बघत, "कारण लिहायला हवं होतं. पण चिठ्ठ्या ही पण वाचते."

काकू जिन्यात उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही. खाली आल्या, दिवा लावला, गोळी उचलून उजेडात धरली. मागच्या बाजूला बारीक खळगा पडला होता, नखाने दाबल्यासारखा. त्यांनी ती पदराला पुसली, का कुणास ठाऊक, आणि बाकीची काडतुसं मोजायला घेतली.

सोमवारी काकूंनी पोलिसांना फोन करून पिस्तूल देऊन टाकलं. काका विरोध करतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "त्यांना सांग, याची मूळ स्प्रिंग पाकिटात वेगळी दिलीय. तीच बसवा." त्या दिवशी माझी माकडटोपी खुंटीवर होती, तिला एक पिवळी चिठ्ठी डकवलेली सापडली.

'हा आपला.'

आता काका जवळच्याच एका वृद्धांच्या होममध्ये आहेत. मी रविवारी जातो, उन्हाळ्यातसुद्धा माकडटोपी घालून. नर्सेस मला वेडा समजतात. चिठ्ठी टाचणीने लावून घेतली आहे. काका ती वाचतात, मग माझ्याकडे बघतात आणि जागा करून देतात. मागच्या खेपेला बराच वेळ माझ्या छातीशी कान लावून बसले होते. मी घाम फुटून विचारलं, "काय ऐकू येतंय काका?" म्हणाले, "फ्रिज."

ही सगळी हकीकत मी पोटलकमध्ये सांगतो. सांगता सांगता तिला एक छान वळण आलं आहे: नशीब बघा, मी सगळ्यात हलकी स्प्रिंग टाकली म्हणून गोळी उडाली नाही, म्हणजे शेवटी माझ्याच हाताने माझा जीव वाचवला! गेल्या महिन्यात काकूंच्याच घरी मी हे रंगवून सांगत होतो. त्या पंगतीत ताक वाढत होत्या. माझ्यापाशी आल्या, भांडं भरलं, आणि म्हणाल्या,

"तू हात लावला नसतास तर चाप ओढलाच गेला नसता. आणि धड लावला असतास, तर आज एका माणसाचं ताक उरलं असतं."